विश्लेषण : गाणं सावळं, कव्हर उजळ… असं का होतं?

२०१३ मध्ये अमेरिकी गायिका इंडिया.अॅरी हिचं 'कोको बटर' हे गाणं आलं. गाणं लोकांच्या कानावर पडायच्या आधी त्याचं कव्हर डोळ्यांसमोर आलं आणि तिथेच वाद पेटला. कव्हरवरची अॅरी नेहमीच्या अॅरीपेक्षा बरीच उजळ दिसत होती. चाहत्यांनी थेट विचारलं, तू त्वचा गोरी करून घेतलीस का? दुसऱ्या एखाद्या गायिकेच्या बाबतीत हा प्रश्न चार दिवसांत विरला असता. पण ही तीच अॅरी होती, जिनं २००१ मध्ये 'ब्राउन स्किन' नावाचं गाणं गायलं होतं आणि त्याच अल्बममधल्या 'व्हिडिओ' या गाण्यात म्युझिक व्हिडिओंतल्या साचेबद्ध सुंदरींसारखं दिसायला नकार दिला होता. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ते प्रेम ज्या कारणासाठी केलं, नेमकं तेच कारण कव्हरवर पुसट झालेलं दिसत होतं.

अॅरीचं म्हणणं होतं की तिनं त्वचेला काही केलेलं नाही, ही प्रकाशयोजनेची करामत आहे. तिच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नाही. पण मग पुढचा प्रश्न येतो आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. प्रकाश कसा पडावा हे ठरवतं कोण? फोटो निवडतं कोण? निवडलेल्या फोटोवर संगणकात शेवटचा हात कुणाचा फिरतो?

अल्बमचं कव्हर आता बारा इंचांचं पुठ्ठ्याचं पाकीट राहिलेलं नाही. ते फोनच्या पडद्यावर नखाएवढा चौकोन झालं आहे. तरीही ते गाण्याचा चेहरा आहे. दिवसभरात आपण असे शेकडो चेहरे अंगठ्यानं वर ढकलतो. त्यांतले किती सावळे असतात आणि जे असतात ते कसे दाखवलेले असतात, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

वंशभेद वेगळा, रंगभेद वेगळा

इंग्रजीत ज्याला 'कलरिझम' म्हणतात, तो शब्द रुळवण्याचं श्रेय सहसा लेखिका अॅलिस वॉकर यांना दिलं जातं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तो वापरला. वंशभेद दोन समाजांमध्ये असतो, कलरिझम एकाच समाजात, बऱ्याचदा एकाच घरात असतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या काही क्लबांत आणि मंडळांत एकेकाळी तपकिरी कागदी पिशवीपेक्षा गडद रंगाच्या माणसाला प्रवेश नाकारला जायचा, असं तिथले लोक सांगतात. दारात उभा असलेला आणि आत जाऊ पाहणारा, दोघंही कृष्णवर्णीयच.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. 'रंगानं सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कुणाच्या ना कुणाच्या पाहण्याच्या कार्यक्रमात ऐकलेलं असतं. त्या वाक्यातला 'पण' पाहा. रंगाची उणीव नाकानं भरून काढायची, असा तो हिशेब आहे. म्हणजे कलरिझम कधी एकटा येत नाही. नाक, केस, बांधा, दात अशी सगळी यादी तो सोबत घेऊन येतो. गोरेपणाला आपल्याकडे जातीचाही वास असतो, हेही मोकळेपणानं म्हटलेलं बरं.

गंमत म्हणजे याच भाषेत उलटी परंपराही आहे. पंढरपूरचा विठोबा सावळा म्हणूनच लाडका. 'गोरी गोरी पान' हे आशा भोसले यांनी गायलेलं गाणं ग. दि. माडगूळकरांचं आणि माणिक वर्मा यांच्या आवाजातलं 'सावळाच रंग तुझा' हेही त्यांचंच. एकाच लेखणीतून दोन्ही रंगांची गाणी आली आणि दोन्ही घराघरांत पोचली. वहिनी मात्र आपण पहिल्या गाण्यातली शोधत राहिलो.

आवाज हवा, चेहरा नको

अल्बमच्या पाकिटावर चित्र छापण्याची पद्धत सुरू झाली १९३९-४०च्या सुमारास. कोलंबिया रेकॉर्ड्समधला तरुण डिझायनर अॅलेक्स स्टाइनवाइस याचं ते काम. त्याआधी रेकॉर्डी साध्या, एकरंगी पाकिटांत यायच्या. चित्र आल्यावर खप वाढतो हे कंपन्यांच्या लक्षात आलं. आणि खपाचा विचार सुरू झाला, तसा कव्हरवर कोणाचा चेहरा 'चालेल' याचाही विचार सुरू झाला.

ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' (१९६५) हा सोल संगीतातला मैलाचा दगड मानला जातो. त्याच्या कव्हरवर ओटिस नाही, सोनेरी केसांची एक गोरी तरुणी आहे. आयझली ब्रदर्सच्या 'धिस ओल्ड हार्ट ऑफ माइन'वर (१९६६) समुद्रकिनाऱ्यावर एक गोरं जोडपं दिसतं. मार्व्हलेट्स या मुलींच्या गटाचा 'प्लीज मिस्टर पोस्टमन' १९६१ मध्ये आला, तेव्हा कव्हरवर मुलींऐवजी टपालपेटीचं चित्र होतं. यातले शेवटचे दोन अल्बम मोटाउनचे. मोटाउन ही बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय माणसाची कंपनी. दुकानदार, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांतले, काळा चेहरा दर्शनी कपाटात लावणार नाहीत, ही त्यामागची धास्ती. मालकाचा रंग बदलला म्हणून कव्हरचा रंग आपोआप बदलत नाही, हे त्या टपालपेटीवरून कळतं. बाजार काय म्हणेल याची भीती कुणालाही वाटू शकते.

या भीतीला आडवा गेला तो माइल्स डेव्हिस. १९५७ मध्ये कोलंबियानं त्याचा 'माइल्स अहेड' काढला. कव्हरवर शिडाची होडी आणि तिच्यात एक गोरी तरुणी. डेव्हिस संतापला. माझ्या रेकॉर्डवर ही का, असा त्याचा सवाल होता. पुढच्या आवृत्त्यांत ते चित्र गेलं आणि त्याचा स्वतःचा फोटो आला. पण तो तिथे थांबला नाही. १९६१च्या 'समडे माय प्रिन्स विल कम'वर त्याची पत्नी, नर्तकी फ्रान्सिस टेलर आहे. १९६७च्या 'सॉर्सरर'वर अभिनेत्री सिसली टायसन, एका बाजूनं घेतलेला चेहरा.

मला यातलं शेवटचं कव्हर सगळ्यात धीट वाटतं. टायसनचा रंग गडद होता आणि १९६३ पासून ती टीव्हीवर आखूड, कुरळे, नैसर्गिक केस ठेवून दिसत होती. त्या काळी कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं केस सरळ करून घेणं हा अलिखित नियम होता. 'कव्हरवर कृष्णवर्णीय स्त्री हवी' ही मागणी मान्य करतानाही कंपन्या सहसा त्यातल्या त्यात उजळ, त्यातल्या त्यात युरोपीय नाकाची मुलगी शोधत. वंशभेद मागे हटतो तेव्हा रिकाम्या जागेवर कलरिझम येऊन बसतो, तो असा. टायसनच्या चेहऱ्यानं ती पळवाटही बंद केली.

कॅमेऱ्याचा काय दोष?

थोडं तंत्राकडे वळू, कारण 'प्रकाशयोजनेची करामत' ही सबब कधी खरी असते आणि कधी नसते हे त्याशिवाय कळत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवायची. त्याचं नाव 'शर्ली कार्ड', कारण सुरुवातीच्या कार्डावरची मॉडेल शर्ली नावाची होती. शर्ली गोरी होती. तिची त्वचा बरोबर छापली गेली म्हणजे यंत्र बरोबर. बाकी सगळ्या त्वचा त्या मोजपट्टीनं छापल्या जायच्या. एकाच फोटोत गोरं आणि काळं मूल शेजारी बसलं, तर काळ्या मुलाचे फक्त डोळे आणि दात दिसावेत, असे फोटो त्यातूनच आले. कॅनडातल्या संशोधक लोर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास खणून काढला. त्यात एक तपशील असा आहे की तो वाचून हसावं की रडावं कळत नाही. गडद छटा फिल्मवर नीट याव्यात यासाठी कंपनीवर दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांकडून. डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट जाहिरातीत सारखंच दिसतं, ही त्यांची तक्रार होती. माणसांच्या तक्रारीपेक्षा ती लवकर ऐकली गेली.

डिजिटल कॅमेरा आला म्हणून प्रश्न मिटला नाही. कॅमेऱ्याचं मीटर ढोबळमानानं असं गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरी काढली तर मध्यम राखाडी आहे. सावळी व्यक्ती पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली, तर भिंतीचा उजेड पाहून कॅमेरा सगळं दृश्य गडद करतो आणि चेहरा काळोखात जातो. मग संपादन करणारा तो चेहरा 'वर काढतो'. कर्व्ह उचलला की उजेड वाढतो, पण त्वचेतला लाल-पिवळा उबदारपणा फिका पडून चेहरा राख फासल्यासारखा दिसायला लागतो. तो दडवायला गुळगुळीत करणारं फिल्टर, त्यावर थोडा गुलाबी रंग. यातली प्रत्येक पायरी 'दुरुस्ती' म्हणूनच केली जाते. शेवटी जे माणूस उरतं ते तीन छटा उजळ असतं आणि कुणालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटत नाही.

चेहरे ओळखणाऱ्या प्रणालींची गोष्ट याहून वेगळी नाही. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. फोटोतली व्यक्ती स्त्री की पुरुष, एवढंच ओळखायचं होतं. उजळ त्वचेच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण फार तर ०.८ टक्के, गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत. यानंतर काही गोष्टी सुधारल्या. गुगलनं २०२१ मध्ये पिक्सेल फोनमध्ये 'रिअल टोन' आणलं. २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची त्वचापट्टी खुली केली. त्याआधी सर्रास वापरली जाणारी फिट्झपॅट्रिक पट्टी ६ प्रकारांची होती आणि ती मुळात ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते हे पाहण्यासाठी १९७५ मध्ये केलेली होती. जगभरातल्या सावळ्यांची विभागणी तिच्यात शेवटच्या दोन-तीन खणांत उरकलेली.

आता कव्हरची खास अडचण. गाण्यांच्या अॅपला चित्र साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी द्यावं लागतं, पण यादीत ते अगदी बारीक दिसतं. एवढ्याशा जागेत गडद पार्श्वभूमीवर गडद चेहरा हरवतो. डिझायनरसमोरचा हा खरा प्रश्न आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचं उत्तर चेहरा धुऊन काढणं हे नव्हे. पार्श्वभूमी बदलता येते. मागून किंवा बाजूनं प्रकाश देऊन गालाची, कपाळाची कड उजळता येते, त्वचा आहे त्या रंगाची ठेवून. चौकट चेहऱ्याच्या आणखी जवळ नेता येते. त्वचा उजळ करणं हा या सगळ्यांतला सर्वात आळशी उपाय आहे आणि तोच सर्वात जास्त वापरला जातो.

संगणकातली एक पट्टी इकडून तिकडे सरकवल्यानं काय होतं, याचं संगीताबाहेरचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो 'न्यूजवीक' आणि 'टाइम' दोघांनी मुखपृष्ठावर घेतला. 'टाइम'नं तो गडद केला होता. दोन अंक शेजारी ठेवल्यावर लोकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. गुन्हेगार दाखवायचा तर गडद, सुंदर दाखवायचं तर उजळ.

निळी-काळी ग्रेस, चिमटे लावलेली सोलांज

रंगभेदाला भिडणारी कव्हरं करायची तर पहिली कल्पना सुचते ती सरळ उलटं करण्याची. काळा रंग लपवायचा नाही, वाढवायचा. ग्रेस जोन्सच्या 'नाइटक्लबिंग' (१९८१) या अल्बमचं कव्हर असंच आहे. जमैकात जन्मलेली ही गायिका त्यावर निळसर काळी दिसते. चौकोनी कापलेले केस, पुरुषी कोट, ओठांत सिगारेट. फ्रेंच कलाकार ज्याँ-पॉल गूद यानं फोटोवर रंगकाम करून ते केलं. 'आयलंड लाइफ'वरची (१९८५) तिची प्रसिद्ध मुद्रा तर कोणत्याही मानवी शरीराला जमणारी नाही, कारण ती अनेक फोटो कापून-जोडून बनवलेली आहे. नखाएवढ्या चौकोनातही ही चित्रं ओळखू येतात. डिझाइन म्हणून दोन्ही अव्वल आहेत.

तरी माझं मन या चित्रांवर पूर्ण बसत नाही. गूदनं १९८२ मध्ये काढलेल्या स्वतःच्या पुस्तकाला 'जंगल फीव्हर' असं नाव दिलं होतं. काळ्या स्त्रीचं शरीर म्हणजे काहीतरी रानटी, अद्भुत, प्रदर्शनात मांडायची वस्तू, ही नजर त्या कौतुकात आहे. दुसरीकडे जोन्स ही काही कुणाच्या हातातली बाहुली नव्हती. ती प्रतिमा तिनं स्वतः मंचावर पेलली, वापरली. दोन्ही गोष्टी एकाच कव्हरवर खऱ्या आहेत आणि त्यातली एक खोडून टाकली तर चित्र कळत नाही.

जमैकाचीच डान्सहॉल गायिका स्पाइस हिनं २०१८ मध्ये वेगळाच डाव टाकला. एके दिवशी तिच्या इन्स्टाग्रामवर तिचा गोरा झालेला फोटो आला, सोनेरी केसांसह. लोक तुटून पडले. त्वचा गोरी करणाऱ्या क्रीमचं जमैकात मोठं प्रस्थ आहे. तिथला बडा गायक व्हाइब्ज कार्टेल यानं तर स्वतःची त्वचा उजळ केल्याचं उघड मिरवलं होतं. त्यामुळे स्पाइसही त्याच वाटेनं गेली असं सगळ्यांना वाटलं. पाठोपाठ 'ब्लॅक हिपॉक्रसी' हे गाणं आलं आणि उलगडा झाला. तो मेकअप होता. काळी होते तेव्हा आपल्याच लोकांनी काय काय ऐकवलं, ते गाण्यात होतं. ज्यांनी ती गोरी झाली म्हणून शिव्या घातल्या, त्यांतलेच कित्येक ती काळी म्हणून हिणवत होते, हा तिचा मुद्दा. इथे गाण्यापेक्षा चित्रानं जास्त काम केलं. चित्र आधी आलं, लोकांनी आपापली प्रतिक्रिया देऊन टाकली आणि मग गाण्यानं ती प्रतिक्रियाच त्यांच्यासमोर धरली.

पण एक कव्हर निवडायचं तर मी सोलांजच्या 'अ सीट अॅट द टेबल'चं निवडेन. २०१६चा हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. स्पॅनिश छायाचित्रकार कार्लोटा गरेरो हिनं काढलेल्या या फोटोत काहीही घडत नाही. साधी पार्श्वभूमी, मऊ उजेड, थेट आपल्याकडे पाहणारी सोलांज. केसांत रंगीबेरंगी चिमटे. केसांना लाटा याव्यात म्हणून लावतात आणि बाहेर पडायच्या आधी काढून टाकतात, ते. म्हणजे तयारी अर्धी झालेली असताना, सुंदर 'होण्याच्या' आधीचा हा क्षण आहे आणि तोच तिनं जगाला दाखवायला निवडला. ज्या अल्बममध्ये 'डोंट टच माय हेअर' नावाचं गाणं आहे, त्याच्या कव्हरवर केसांचं सगळं सामान उघडं ठेवलेलं. सौंदर्य हे कुणाच्या अंगभूत रंगात नसून त्यामागे वेळ, पैसा, चिमटे आणि आरशासमोरचे तास असतात, हे ती एक शब्द न बोलता सांगते. इथे काळा रंग झळाळून दाखवलेला नाही आणि लपवलेलाही नाही. त्वचा त्वचेसारखी दिसते, बस्स.

काळ्या रंगाचा गौरव करता करता नवा साचा तयार होतो, त्यावरचा हा उतारा आहे. तेलानं चमकणारी गडद त्वचा, धारदार नाक, सडपातळ बांधा, एकही पुटकुळी नाही… आपल्या जाहिरातींतली 'डस्की' सुंदरी ही अशीच असते. 'रंगानं सावळी पण नाकीडोळी नीटस'चंच ते महागडं रूप.

आपल्याकडचा चौकोन

भारतात या विषयावर गेल्या काही वर्षांत बरंच बोललं गेलं. २००९ मध्ये चेन्नईतल्या 'विमेन ऑफ वर्थ' या संस्थेनं 'डार्क इज ब्यूटिफुल' मोहीम सुरू केली, पुढे नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवू नये असे नियम केले. २०२० मध्ये, १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगाचं फिल्टर हटवलं. क्रीम मात्र दुकानात आहे आणि अनुरूपतेच्या अटीही संपलेल्या नाहीत.

गाण्यांच्या बाबतीत २०२०चीच एक घटना बोलकी आहे. 'खाली पीली' चित्रपटाच्या एका गाण्यात 'गोरी'ला पाहून बियॉन्से लाजेल, अशा अर्थाचा मुखडा होता. ज्या बियॉन्सेनं वर्षभरापूर्वी 'ब्राउन स्किन गर्ल' गायलं होतं, ती. टीका झाल्यावर निर्मात्यांनी आधी तिच्या नावाचं स्पेलिंग बदललं, मग नावच काढलं आणि तिच्या जागी 'दुनिया' घातली. 'गोरी' जागच्या जागी राहिली. नेमका आक्षेप कशाला होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही की कळूनही वळलं नाही, कोण जाणे.

कव्हरवर कुणाचा चेहरा 'शोभतो' हा वाद २०२१ मध्ये तमिळनाडूत थेट पेटला. 'एन्जॉय एन्जामी' हे गाणं धी आणि अरिवू यांनी गायलं, शब्द अरिवूचे. 'रोलिंग स्टोन इंडिया'नं त्याच्या यशाची दखल घेत मुखपृष्ठ काढलं, तेव्हा त्यावर धी होती, गायक शान व्हिन्सेंट डी पॉल होता, अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, मग नियतकालिकानं अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. हा वाद मुख्यतः जातीचा आणि श्रेयाचा होता, रंगाचा नव्हे. पण ओटिस रेडिंगच्या कव्हरवरची सोनेरी केसांची मुलगी आठवल्याशिवाय राहत नाही. आवाज हवा, शब्द हवेत, चेहऱ्याचं नंतर पाहू.

मराठीत 'काळा चेहरा विकत नाही' ही सबब 'सैराट'नं (२०१६) निकालात काढायला हवी होती. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांचे उन्हात रापलेले चेहरे पोस्टरवर होते तसे ठेवले गेले आणि अजय-अतुलच्या त्या गाण्यांनी गावोगावचे डीजे दणाणून सोडले. त्यानंतर तरी यूट्यूबवरच्या मराठी गाण्यांचे चौकोन बदलायला हवे होते. ते फारसे बदलले नाहीत. कोळीगीत असो की लावणी, नायिकेचा चेहरा बहुतेकदा पिठासारखा पांढरा आणि गळा-हात वेगळ्याच रंगाचे.

भक्तिगीतांची कव्हरं तर पाहाच. अभंगात विठ्ठल सावळा, पंढरपुरातली मूर्ती काळ्या पाषाणाची आणि कव्हरवरचा विठ्ठल कित्येकदा आकाशी निळा, नाहीतर फिकट जांभळा. निळा रंग ही जुनी चित्रपरंपरा आहे हे मान्य. पण त्या निळ्याआड आपण काळ्याला सोयीस्करपणे टाळतो, हेही खरं. २०१७च्या अखेरीस चेन्नईतल्या काही तरुणांनी 'डार्क इज डिव्हाइन' या मालिकेत गडद त्वचेच्या मॉडेलना घेऊन लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण यांचे फोटो काढले, तेव्हा देवांना त्यांचाच रंग परत दिल्याची बातमी झाली. आषाढी वारीच्या तोंडावर दरवर्षी येणाऱ्या डझनावारी अभंग-अल्बमांपैकी एकानं हा प्रयोग करून पाहावा, असं मनापासून वाटतं.

मग कव्हर करायचं कसं?

सगळ्यात आधी, गोष्ट लिहून घ्यायची. 'त्वचेचा रंग बदलायचा नाही' हे वाक्य डिझायनरला दिलेल्या सूचनेत स्पष्ट असेल, तर निम्मं काम होतं, कारण बहुतेक वेळा रंग द्वेषानं बदलला जात नाही, सवयीनं बदलला जातो. फोटो काढताना त्याच प्रकाशात एक राखाडी कार्ड धरून एक फोटो घेतला, तर नंतर 'खरा रंग कुठला' यावर वाद उरत नाही. ते कार्ड काही शेकड्यांत मिळतं. शेवटचं चित्र गायकानं किंवा गायिकेनं स्वतःच्या फोनवर, बारीक आकारात, उन्हात आणि रात्री असं दोन्ही वेळा पाहून मगच होकार द्यावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं कव्हर बनवणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. २०२३ मध्ये ब्लूमबर्गनं 'स्टेबल डिफ्यूजन'कडून हजारो चित्रं काढून घेतली. जास्त पगाराच्या पेशांतली माणसं त्यात अधिक उजळ निघाली. 'सुंदर गायिका' एवढंच लिहून चित्र मागितलं, तर यंत्र आपल्याच जुन्या जाहिरातींची सरासरी काढून देणार, दुसरं काय?

चेहराच टाळून फूल, पक्षी, गिटार असं काहीतरी कव्हरवर टाकण्याचा सल्ला काही जण देतात. गाण्याची ती गरज असेल तर जरूर. पण टपालपेटीची आठवण ठेवावी. चेहरा नको असं गायिकेनं ठरवणं वेगळं आणि कंपनीनं ठरवणं वेगळं.

आणि ठरवणारा कोण, हे कळण्याची सोय आज जवळपास नाही. जुन्या एलपीच्या मागच्या बाजूला फोटो कुणाचा, मांडणी कुणाची हे बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. 'नाइटक्लबिंग'मागे गूद आहे, 'अ सीट अॅट द टेबल'मागे गरेरो आहे हे आपल्याला माहीत असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येतो. आज गाण्यांच्या अॅपमध्ये श्रेयनामावली उघडली की गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता दिसतात. त्यांच्या शेजारच्या चौकोनातल्या चेहऱ्यावर कुणी हात फिरवला, त्याचं नाव तिथे नसतं.